सहलीची मासवडी

दर वर्षी मार्गशीर्षात, कांद्याची लागण उरकली की आमच्या घरातल्या तीन भावांना एकाएकी साक्षात्कार होतो, की आपण वर्षभर फार कष्ट केले आणि आता सहल काढली पाहिजे. थोरले दीर निमगाव सावाला शेती बघतात. मधले आमचे हे, ते शेती बघणाऱ्याला सल्ले देतात. धाकटे पुण्यात नोकरी करतात आणि तिथून दोघांनाही सल्ले देतात. मी गावातल्या शाळेत शिकवते. त्यामुळे मला घरात मान आहे. म्हणजे माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि मग सोडून देतात.

सहलीची चर्चा मोबाइलवर, घरच्या ग्रुपवर होते. यंदा धाकट्या भावजींनी सुरुवातच केली, ‘जेवण चविष्ट पाहिजे आणि परवडणारंही पाहिजे.’ जसं काही आम्ही बाकीचे बेचव आणि महाग जेवणासाठी हटून बसलो होतो! मग त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई पांढऱ्याशुभ्र ओट्यापुढे उभी राहून पावाच्या कडा कापून टाकत होती. थोरले दीर मोबाइल लांब धरून बघत होते. “कडा कापल्याव खायाला ऱ्हातंय काय?” एवढंच ते म्हणाले आणि व्हिडिओचा विषय संपला. मग कोणीतरी केटररला विचारलं. त्याचा भाव कळल्यावर ग्रुपवर अर्धा दिवस कोणी बोललं नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. आमच्या ह्यांनी लिहिलं, ‘जाऊ द्या राव. साधंच करू कायतरी. मासवडी करू.’ लगेच अंगठ्यांचा पाऊस पडला.

या ‘साधंच’ शब्दाची मला मनापासून चीड आहे. मार्गशीर्षात आमच्याकडे मटण चालत नाही म्हणून मासवडी. नावात मासा असला तरी तिचा माशाशी संबंध आकारापुरताच. तीळ भाजायचे, खोबरं किसून भाजायचं, कांदा-लसूण परतायचा, सगळ्याचं सारण करायचं. उकळत्या पाण्यात बेसन घोटायचं, ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, हात भाजला तरी थांबायचं नाही. त्यावर सारण पसरून वळायचं, मग वड्या कापायच्या. शिवाय काळ्या मसाल्याचा रस्सा, शिवाय वीस माणसांच्या बाजरीच्या भाकरी. हे सगळं साधं! आणि परवडणारं तर आहेच, कारण बेसन घरच्या हरभऱ्याचं, तीळ घरचे आणि करणाऱ्या थोरल्या जाऊबाईही घरच्याच.

त्यांच्या हातची मासवडी खरंच चांगली होते, हे मी नाकारत नाही. पारगावचे पाहुणे एकदा लग्नाची बोलणी अर्धी सोडून तिच्याबद्दलच बोलत बसले होते. पण माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत जाऊबाई एकाही सहलीला आलेल्या नाहीत. पहाटे उठून त्या जे चुलीपुढे बसतात, ते दोन जीपा दारात येऊन हॉर्न वाजवेपर्यंत. मग पातेली चढतात. रस्सा सांडू नये म्हणून पातेल्याला सीटवर बसवतात, शेजारी भाकरीची पाटी बसवतात, आणि मग जाऊबाई तोंडावरचा घाम पुसत म्हणतात, “तुमी व्हा पुढं, मी आवरते मागचं.” सगळे हुश्श करतात. रश्श्याला धरणाचं पाणी बघायला मिळतं, रस्सा करणारीला मिळत नाही. आणि याचं कोणाला काही वाटतही नाही.

गेल्या वर्षी आम्ही परत आलो, तशा त्या जीपमधली रिकामी पातेली उतरवून घासायला बसल्या. घासता घासता मला विचारलं, “पाणी लई व्हतं का गं?” मी म्हटलं, होतं. “म्हंजे पार डोंगरापत्तुर?” मी हो म्हटलं. त्यांनी पातेलं पालथं घातलं आणि दुसरं घेतलं. शिनोलीच्या पुढे धरणाचं पाणी दिसतं. आमच्या घरापासून जीपने फार तर दोन तास. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. राग कोणाचा करावा तेही कळेना.

म्हणून यंदा मी ग्रुपवर लिहिलं, ‘मासवडी नाही. भेळ.’ कुरमुरे, फरसाण, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबं, चिंचेचं पाणी बाटलीत भरून. सोबत गूळ-शेंगदाणे आणि पेरू. चूल पेटवायची नाही, पातेलं न्यायचं नाही. कांदा तेवढा तिथे जाऊन चिरायचा, कारण घरून चिरून नेला तर वास मारतो. चविष्ट म्हणता ते चविष्ट, परवडणारं म्हणता ते परवडणारं. यावर थोरल्या दिरांनी विचारलं, “आमी काय जत्रंला चाललोय?” धाकट्या भावजींनी पुण्याहून विचारलं, ‘वहिनी, प्रोटीनचं काय?’ मी लिहिलं, ‘शेंगदाणे खा.’ आमचे हे घरातच होते. ते नुसते दोन दिवस तोंड पाडून हिंडले. मासवडीसाठी इतकं सुतक मी आजवर पाहिलं नव्हतं.

खरी कटकट जाऊबाईंचीच झाली. त्या संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “माझं काय चुकलं का गं? मागल्या टायमाला मीठ जास्त झालं व्हतं का?”

“काही चुकलं नाही, ताई. तुम्ही यायचंय यंदा.”

“मी? मी तिथं यून काय करू?”

“बसायचं.”

“नुसतं?” त्यांनी असं विचारलं, जसं काही मी त्यांना चोरी करायला सांगत होते.

तरी त्या आल्या. लग्नाकार्यासाठी ठेवलेलं लुगडं नेसून, खिडकीशी, मांडीवर कुरमुऱ्यांचं पोतं धरून. मागे जागा आहे, तिथे ठेवा म्हटलं तर म्हणाल्या, असू दे. शिनोली मागे पडलं, पाणी दिसायला लागलं, तशी त्यांनी काच पुसली. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. बावीस वर्षांत या घरातल्या पुरुषांना जे सुचलं नाही ते मी भेळीवर करून दाखवलं होतं, आणि ते त्यांना ऐकवण्याची वाक्यं मनात जुळवत बसले होते.

पोचलो. पाण्याच्या कडेला सतरंज्या पसरल्या. वारं भणाणत होतं. मी पोचल्या पोचल्या हुकूम सोडायला सुरुवात केली. पेपर पसरा, लिंबं कापा, पोरांना पाण्यापासून लांब ठेवा. आणि त्याच झपाट्यात सुरी-पाट नि कांद्यांची पिशवी उचलून म्हणाले, “ताई, एवढा कांदा घ्या चिरायला. तुमच्याइतका बारीक कोणालाच येत नाही.”

त्यांनी घेतला. वाऱ्याने सालं उडू नयेत म्हणून पाण्याकडे पाठ केली आणि चिरायला बसल्या. बरेच कांदे चिरून झाले, तरी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

थोरले दीर कोरडे कुरमुरे मुठीने तोंडात टाकत होते. म्हणाले, “काय बी म्हणा, मासवडी असती तर मजा आली असती.” सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकट्या भावजींनी तर डोळे मिटून उसासा टाकला.

“मला न्हाई आवडत मासवडी,” जाऊबाई म्हणाल्या. मान वर केली नाही. सुरी चालूच होती.

दिरांचा हात तोंडाशी थांबला. “कवापास्नं?”

“पयल्यापास्नं. तिळाचा वास न्हाई सोसत मला.”

“मग बोलली का न्हाईस?”

“कुनी इचारलं?”

त्यांनी दिरांना उत्तर दिलं होतं, पण लागलं ते मला. त्यांच्या हातची मासवडी मी बावीस वर्षं खात आले होते आणि बोटं चाटत वाखाणत आले होते. त्या स्वतः काय खातात, हे एकदाही विचारलं नव्हतं. सगळ्या घराला नावं ठेवत इतके दिवस मी नाकाने कांदे सोलत होते, आणि खरे कांदे मात्र त्यांच्याच हातात दिले होते. मला माझी लाज वाटली. भावांची कीव करण्याचा माझा हक्क तिथल्या तिथे गेला.

मी सुरी त्यांच्या हातातून काढून घेतली. “वळा तिकडं. पाण्याकडं.”

त्या वळल्या. पदराने डोळे पुसले, कांद्यानेच पाणी आलं असणार. समोरच्या डोंगरापर्यंत त्यांनी एकदा नजर टाकली आणि मग बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

माझे कांदे जाडेभरडे पडत होते. चिरता चिरता मी विचारलं, “मग काय आवडतं तुम्हाला? पुढच्या वेळी तेच करू. मी करीन.”

दीर बघायला लागले, आमचे हे बघायला लागले. जाऊबाई पाण्याकडे बघत राहिल्या.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या, “आठवाया लागंल.”