कुंकवाच्या खुणा
झेंडू आणि जळक्या ऑइलचा वास एकत्र आला की मला सदाशिव पेठेतल्या आमच्या बिल्डिंगचं पार्किंग आठवतं. दसऱ्याची सकाळ होती. सासऱ्यांच्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातली साखळी ताणून धरणारा टेन्शनर झिजून खडखडत होता, आणि पूजेला गाडी चालू हवीच, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ते स्टुलावर बसून सांगणार आणि मी करणार. साखळी आणि चक्राचे दात पुन्हा जुळावेत म्हणून मी पूजेच्या ताटातल्या कुंकवाने खुणा केल्या. नवा टेन्शनर बसवून बघते तर कुंकू ऑइलमध्ये पार विरघळलेलं! साखळी एक दात जरी सरकली असली, तर किक मारताच व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकणार. “अप्पा, खुणा गेल्या.” “वा! म्हणजे पूजा आतूनच झाली म्हणायची.” मग आवाज उतरवून म्हणाले, “किकला हात लावू नकोस. प्लग काढ, गिअर टाक, मागचं चाक हाताने फिरव, म्हणजे इंजिनही हळूच फिरेल. जरा अडलं तरी थांब.” मी चाक फिरवत राहिले आणि ते टाकीला कान लावून श्वास रोखून उभे. चाक कुठेही अडलं नाही. मग प्लग लावून किक मारली, तर खडखड गायब. आजही दसऱ्याला किक मारण्याआधी मी चाक हाताने फिरवून बघते. फक्त टाकीला कान लावायला आता कुणी नसतं.