पांढऱ्या रसुलाचं बारसं

ती पांढरी अळंबी मी चाकूने वरच्या वर कापली. भोवतीची माती उकरून बुडापासून काढायला हवी होती, काढली नाही. चूक एवढीच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पनवेलच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि रसुलाच्या नादी लागलो होतो. रसुला म्हणजे अळंब्यांचं भलंमोठं कुटुंब. लाल, जांभळ्या, हिरवट, पांढऱ्या. देठ मात्र सगळ्यांचा खडूसारखा कट्कन तुटणारा. जाती शेकड्यांनी, आणि त्यांना नावं देणाऱ्यांची भांडणं त्याहून जास्त. पावसाने टोपीचा रंग धुऊन जातो, म्हणून रंगावर भरवसा नाही. तुकडा चावायचा, जीभ भाजते का बघायचं आणि थुंकायचं, ही तर ओळखण्याची मान्य रीत. एकीचं लॅटिन नाव चक्क 'उलटी करवणारी' अशा अर्थाचं. माझं पुस्तक विलायती. त्यात पानोपानी 'बर्चच्या झाडाखाली'. पनवेल तालुक्यात मी बर्च शोधत फिरलो नाही, एवढी अक्कल शाबूत होती.

श्रावणात एकटाच नेऱ्याला सासुरवाडीस गेलो, तर मागच्या रानात ही सापडली. माझ्या मते रंग धुतलेली, अजून कुणी नाव न दिलेली रसुला. मी जागेवरच बारसं उरकलं: रसुला पनवेलेन्सिस! देठ मोडून बघितला असता तर खडूसारखा तुटला नसता, दोरे निघाले असते. पण मला नमुना न मोडलेला हवा होता. फोटो चांगला येतो.

बाकीच्या लाल-जांभळ्यांबरोबर ती सुपात घालून चुलीच्या उबेला वाळत ठेवली आणि कुणाला काही न सांगता पुन्हा रानात गेलो. दुपार कलताना आलो तर सूप रिकामं.

"सुपातलं कुठे गेलं?"

"त्या अळंब्या? रांधल्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा सोमवार होता. "ह्यांनी खाल्ल्या. मला उपास हाय."

"पण तुमच्या ओळखीच्या होत्या का त्या?"

"पांढरी आमी कदी खाल्ली नाय. पन तुमी अळंब्यांचे मास्तर. तुमी आनून चुलीशी ठेवल्या, मंग मी कशाला इचारू?"

खरंच होतं. श्रावणात घरात मासळी बंद. जावयाने आणलेलं चुलीपाशी दिसलं म्हणजे ते शिजवायचंच. आणि मला पहिलं दुःख झालं ते नमुन्याचं. सासरे ओट्यावरून ओरडले, "जावय, परत गावल्या तर आना! ग्वाड होत्या!"

दिवेलागणीला त्यांना उलट्या सुरू झाल्या. टेम्पोत घालून पनवेलच्या दवाखान्यात आणलं.

"कुठली अळंबी?" डॉक्टरांनी विचारलं.

"रसुला. ती पोट बिघडवते, मारत नाही."

"मग उलट्या तासा-दोन तासांत व्हायला हव्या होत्या. जेवल्यावर इतक्या उशिराने कशा? सर, तुमचा विषय आहे ना? नक्की नाव सांगा."

सकाळी नेऱ्याहून मागवलेला कालवणाचा तळ घेऊन कॉलेजची प्रयोगशाळा गाठली. सूक्ष्मदर्शकाखाली हळद दिसली, धने दिसले. मग रसुलाचे काटेरी बीजाणू दिसले, आणि त्यांच्यात काही अगदी गुळगुळीत. तसाच नेऱ्याच्या रानात गेलो. कापलेलं बूड जागेवरच होतं. उकरलं, तर त्याला खालून पांढरी पिशवी, फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी. रसुलाला पिशवी नसते. जिला असते, तिच्या काही जाती माणसाचं यकृत संपवतात.

तडक दवाखान्यात परत येऊन मी डॉक्टरांना ते बूड दाखवलं आणि कुळाचं नाव सांगितलं.

"केसपेपरवर लिहितो," ते म्हणाले. "औषध नाही याला."

मधे एक दिवस सासरे उठून बसले, चहा मागितला. मी बायकोला म्हणालो, "बघ, डॉक्टरला काय कळतंय!" दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे पिवळे झाले, आणि आठवड्याच्या आत ते गेले.

तेराव्यानंतर आम्ही पनवेलला निघालो. सासरे गेल्यापासून सासूबाई माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा बोलल्या.

"कालेजात शिकवू नका तुमी. आमचा येकच गेला, तिकडं वर्ग भरून पोरं हायत."