सांगाल तेवढंच

"सांगाल तेवढंच करीन," असं म्हणून आमच्या बालवाडीच्या बाई अंगणात ताठ उभ्या राहायच्या. रांगोळीने आखलेल्या चौकोनांतून पोरांनी त्यांना हुकूम देत न्यायचं. पुढं, डावीकडं, थांब. "ह्यालाच प्रोग्राम म्हणतेत, बाळांनो," त्या सांगायच्या. "यंत्राला आपल्या मनातलं कळत न्हाई."

एकदा एक पोरगं "पुढं" म्हणालं आणि "थांब" म्हणायचं विसरलं. बाई निघाल्या! फाटकाबाहेर, टपरीवरून, थेट कंधारच्या बसस्टँडकडे. मागे पोरं बोंबलतायत. टपरीवाला मला विचारतो, "बाईला काय झालं वो?" आता तुम्हीच सांगा, काय सांगायचं त्या माणसाला?

चिंचोक्यांची बेरीज, बांगड्यांचे गोल, सगळं गणित त्या पोरांच्या हातात द्यायच्या. पण मी माझ्या लेकीला तिथं घातलं ते गणितासाठी नव्हे. घरात चुरूचुरू बोलणारी ही पोरगी उंबऱ्याबाहेर शब्द काढत नसे. इंग्रजी शाळेने तिला परत पाठवलं. गल्ली तिला मुकी म्हणायची. माझ्या जिवाला नुसता घोर.

एक दिवस मी तिला न्यायला गेले, तर तिचाच नंबर आलेला. बाई उन्हात, चौकोनात उभ्या. पोरगी गप्प. बाकीची पोरं सांगायला लागली तर बाई म्हणाल्या, "माझं बटन तिच्यापाशी हाय."

"ऱ्हाऊ द्या बाई, न्हाई बोलायची ती," मी म्हणाले. बाई हलल्या नाहीत. पोरं पेंगायला लागली. लिंबाची सावली जमिनीवर हळूहळू डुलत होती. मला वाटलं, सारं कंधार झोपलंय आणि जागी आहे ती एकटी माझी लेक.

"सावलीत जा," ती म्हणाली.

"सावली कुठं असती, मला ठाऊक न्हाई." बाईंच्या डोळ्यांत पाणी, पण पाय जागेवरच. मग लेकीने एकेक पाऊल सांगत त्यांना लिंबाखाली आणलं. मी पदर तोंडाला लावून रडले.

आता ती बोलून बोलून डोकं खाते. बाई मात्र यंदा नांदेडपल्याड मुदखेडला, त्यांच्या मुलीकडे राहायला गेल्या. निघायच्या दिवशी आम्ही आयांनी खण-नारळाने त्यांची ओटी भरली. पोरं गलका करत होती. आमची बया मात्र खांबाला टेकून पुन्हा गप्प. मी खेकसले, "अगं, बोल की! लई दिवसांनी भेटायच्या आता त्या."

"रागावू नका तिला," बाई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "आलं मला ऐकू."

आणि नांदेडच्या गाडीत जाऊन बसल्या.