आक्काचं कुंकू

आधी हातातले कप खाली ठेवा. नंतर ठसका लागला तर मला बोलायचं नाही! माझ्या गाढवपणाचा किस्सा सांगतोय, आणि मी भोरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो हे ऐकताना विसरू नका. तेच तर खरं दुखणं आहे.

आक्का म्हणजे आमची गाडी. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतली तेव्हाच ती जुनी होती. माझ्याहून वयाने मोठी, म्हणून आक्का. गोल डोळ्यांची, जाडजूड आणि भयंकर मानी. मोबाईल नुकते कुठे दिसायला लागले होते, त्या सुमाराला मला सुधारणेची उबळ आली. मी पुण्याहून ठिणगी पाडणारं नवं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणून तिला बसवलं. बसवलं म्हणजे आमचे मेकॅनिक रहीमचाचा यांनी बसवलं; मी शेजारी उभा राहून त्यांना त्यातलं तत्त्व समजावलं.

मग आला दसरा. बायकोने नेहमीसारखं चाकांना हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, "अगं, खरं दैवत आत आहे!" बॉनेट उघडलं. ठिणगीला जोर देते ती कॉइल. तिच्या डोक्यावर, जाड वायरीच्या भोवती, ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर पळीभर पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी नसरापूरपुढच्या पालीहून निरोप आला. अप्पांचे बालमित्र बाबूराव अंथरुणाला खिळले होते. "एकदा तोंड दाखवून जा," एवढंच म्हणाले होते.

अप्पांचे गुडघे एसटीची पायरी चढू देईनात. मी म्हटलं, जीप करू.

"मुळीच नाही," अप्पा म्हणाले. "बाबूने आक्काला जन्मभर ढकललंय. एकदा तरी ती आपल्या पायांनी आलेली बघू दे त्याला."

मग काय, आक्काच काढायची ठरली.

सकाळी अप्पा टोपी घालून, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन मागच्या सीटवर बसले. चांगल्या कामाला निघायचं म्हणून मी स्वस्तिक पुन्हा ओलं गिरवलं. किल्ली फिरवली. आक्का नुसती खोकली! गल्लीतल्या चौघांनी ढकलत चाचांच्या गॅरेजात नेली. चाचांनी प्लग काढून बघितला.

"सर, ठिणगी लई मरतुकडी हाय. पिवळी पडलीय."

त्यांनी प्लग बदलले. तोवर चहा झाला, दोन तास गेले. किल्ली फिरवली आणि आक्का पहिल्या झटक्यात सुरू! पण तोवर अप्पा थकले होते. म्हटलं, उद्या जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओलं कुंकू, पुन्हा किल्ली, पुन्हा खोकला! पुन्हा चौघं, पुन्हा गॅरेज. चाचांनी वायरी बदलल्या. दोन तासांनी आक्का सुरू.

"हितं तर झ्याक चालतीय की, सर!"

"तुमच्याकडे चालते आणि माझ्याकडे नाही? अर्धवट काम करता तुम्ही!" मी ओरडलो. हो, ओरडलो. वीस वर्षं आमची गाडी बघणाऱ्या माणसावर, चार लोकांत. चाचा नुसते फडक्याला हात पुसत राहिले. ते आठवलं की आजही मला लाज वाटते.

माणूस अडला की काय करतो? देवाला जास्त साकडं घालतो! त्या दिवशीही उशीर झाला म्हणून आक्का गॅरेजातच ठेवली; तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, निघायचंच ते गॅरेजातून. अप्पांना रिक्षाने तिथे नेऊन मागच्या सीटवर बसवलं. पेढ्यांचा पुडा तोच, आता जरा चेपलेला. आक्का सुरूच होती. "थांबा," मी म्हटलं, आणि इंजिन बंद करून, पळी-पंचपात्र काढून चाचांच्या देखत साग्रसंगीत पूजा केली. किल्ली फिरवली.

खोक... खोक...

चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पळीकडे. मग गॅरेजचं शटर खाली ओढलं. आत मिट्ट काळोख.

"सर, आता किल्ली म्या फिरवतो. तुमी कॉइलकडं बगा."

आणि काय सांगू! स्वस्तिकावर निळ्या तेजाच्या रेघा नाचत होत्या! चरचर आवाज करत, कुंकवावरून सरसर पळत! माझ्या अंगावर काटा आला. मी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले.

"चाचा," मी कापऱ्या आवाजात म्हटलं, "साक्षात्कार!"

"सर," काळोखातून चाचा हळूच म्हणाले, "बिमारी हाय ती."

शटर वर गेलं. मी अजून हात जोडूनच उभा.

"ओल्या कुंकवावरनं करंट भाईरच्या भाईर जातोय. प्लगाला उरतोय काय? दोन तासांत वाळलं की गाडी चालू. माझ्या पोरीला नववीत तुमीच शिकिवलंय न्हवं, वल्या वस्तूतनं वीज जाती म्हून?"

"मग आधी पुसलं का नाही?"

"मला आदी वाटलं, दसऱ्याचं वाळल्यालं हाय, कशाला हात लावा." चाचा खाली बघून म्हणाले. "तुमच्या पूजेचं ते, सर. म्या कसा पुसू?"

मागच्या सीटवरून अप्पा खो खो हसायला लागले. इतके, की पुडा सांडला. ज्याच्यावर चार लोकांत ओरडलो, त्याने माझ्या श्रद्धेला धक्का नको म्हणून माझी बोलणी खाल्ली होती. मी चाचांची माफी मागितली, आणि माझ्या हाताने, माझ्या स्वच्छ रुमालाने, कॉइल पुसली.

आक्का नसरापूरवरून वळली ती थेट पालीत बाबूरावांच्या दारातच थांबली. चाचाही सोबत होते. अप्पांनी सोडलंच नाही त्यांना. खिडकीपाशी उशीला टेकून बसलेले बाबूराव किती तरी वेळ गाडीकडेच बघत होते. मग म्हणाले, "आरं, कुणी ढकलली न्हाई?"

"नाही," अप्पा म्हणाले. "फक्त आमच्या मास्तरला बाजूला केलं."

तेव्हापासून दर दसऱ्याला आक्काला कुंकू रहीमचाचा लावतात. चाकाला, बेताचं, बायको सांगेल तिथे. मला ताट धरायला देतात, आणि तेही गाडीपासून दहा फुटांवर.