साडेसहाचं वारं

कडावच्या आमच्या मामांना कुणी कधी उशिरा आलेलं पाहिलं नव्हतं. विहारात वंदना सातची असली, तर पावणेसातला सतरंजी त्यांनीच अंथरलेली असे. लग्नात तर ते मांडववाल्याच्याही आधी पोचत. मामी चिडवायची, "नवरीनं अजून हो म्हटलं नाय, आन हे जेवायला बसले!"

सकाळी सहाला डेअरीत दूध घालायचं, हा त्यांचा नेम. मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय. माझ्या याद्या पाहून ते हसत. "दूध यादी बघत नाय गं. येळ गेली का नासतं."

त्या दिवशी दूध घालून आले, चहाला बसले आणि कप हातातून सुटला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबला. मामीनं ओळखलं, अंगावरून वारं गेलं. आमच्याकडे या दुखण्याचं नावच असं, की धावपळ सुचत नाही. वारं आलंय, जाईल. तिनं तेल चोळलं, गोधडीत गुंडाळलं आणि नऊला मला कर्जतला फोन केला. "वारं हाय गं, उतरंल. पन तू ये."

मी लगेच यादी केली. चादरी, थर्मास, आधार कार्ड, जुने रिपोर्ट. शेवटचं कलम: आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवणे. एकेका कलमावर खूण करत, त्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसत, मोठ्या इस्पितळात पोचायला साडेबारा वाजले.

"कधी झालं हे?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी," मामी म्हणाली.

"सकाळी किती वाजता?"

मामी दूध, चहा असं मागे मोजत आठवू लागली. मामांनी डावा हात वर केला. पाच बोटं, मग एक, मग एक अर्धं दुमडलेलं.

साडेसहा.

"साडेचार तासांच्या आत आला असतात, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन बघता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. नऊला थेट निघालो असतो, तर आम्ही वेळेत होतो.

मामा घरी आले. उजवा हात आणि बोलणं आलं नाही. मी गेले की डाव्या हातानं माझी पर्स ओढतात, यादी शोधून काढतात आणि अर्ध्या तोंडानं हसतात.

परवा मामीचा फोन आला. "शेजारच्या वयनीचं आपल्या घरात बसल्याजागी तोंड वाकडं झालंय, आठ वाजता. आमी गाडीत बसलो. तू थेट मोठ्या दवाखान्यात ये. आन यादी करत बसू नको गं!"

"आठच ना नक्की? कुणी बघितलं?"

"कोन बघनार? तुझे मामा. मी दाराबाहेर पडंपर्यंत खाटेवरनं बोटं दावत व्हते."