शेकवाल्या काकू

निखारा शेगडीबाहेर पडला की आमची बायको तो बोटांनी उचलून परत आत टाकायची. चिमटा शेजारीच असायचा. "अहो, चिमटा घेईपर्यंत फरशी काळी होते," म्हणायची.

कसबा पेठेत तिला सगळे शेकवाल्या काकू म्हणत. बाळंतिणीला तेल लावायचं, बाजेखाली शेगडी सरकवून शेक द्यायचा, तळहात तापवून बाळाचं पोट शेकायचं, हे तिचं काम. पेठेतल्या मुली लग्न होऊन कोथरूडला गेल्या तरी बाळंतपणात तिलाच रिक्षा पाठवायच्या. एकीने विचारलं, "काकू, हीटिंग पॅड नाही का चालणार?"

"चालेल की. बाळाला त्यालाच काकू म्हणायला शिकव."

कान दुखो, कंबर दुखो, तिचं औषध एकच. म्हणून छातीत गाठ हाताला लागली तेव्हा कुणाला बोलली नाही. दार लावायची, तव्यावर फडक्याची घडी तापवायची आणि गाठीवर दाबून धरायची. मला वाटायचं, गुडघे शेकतेय.

शेवटी दुखणं सोसेना तेव्हा हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीणबाईंनी पडदा सरकवून मला आत बोलावलं. एवढा संसार केला, पण हे मला ठाऊकच नव्हतं. कातडी करपलेल्या भाकरीसारखी, आणि खाली गाठ होती तशीच.

"हे कुणी केलं?" बाई ओरडल्याच.

"मीच. दुसरं कोण एवढं नीट शेकणार?"

बाई खुर्ची ओढून बसल्या. "काकू, उष्णतेने कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरंय. आम्हीसुद्धा देतो."

"बघा!" ही माझ्यावरच डाफरली.

"पण मोजून. तापातल्या अंगापेक्षा थोडीच जास्त, आणि किरणांच्या जोडीने. चांगल्या मांसात रक्त मोकळं खेळतं, ते उष्णता वाहून नेतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, उष्णता आत कोंडते. म्हणून तिथल्या पेशी आधी मरतात. तुमचा शेक तिथवर पोचलाच नाही. वरची चांगली कातडी तेवढी भाजली."

ही जरा विचारात पडली. "म्हणजे आमच्या बोळासारखं. आग लागली तर बंब आत शिरत नाही."

बाईंना हसू आलं.

कातडी भरून येईपर्यंत किरणं देता येईनात. गाठ काही थांबली नाही, फुप्फुसात गेली. मग उष्णता द्यायच्या मशीनवर घेतलं, तर बाई बजावायच्या, "चटका बसला की लगेच सांगा." ही गप्प. "काकू, बोला की!" तर म्हणे, "एवढ्याशाला काय बोलायचं?"

तिला जाऊन महिना होत आला. मी चौथी शिकलेला माणूस, मला अजून समजत नाही. औषध बरोबर, रोग तोच, आणि माझी बायको गेली.

तिला नेलं त्या दिवशी विद्युतदाहिनीचं दार उघडलं तशी झळ अंगावर आली. सगळे मागे सरकले. लेकीने माझा हात ओढला, मी हललो नाही. तिथल्या माणसाला विचारलं, "इथे किती उष्णता द्यायची, ते मोजता का?"

"इथे काय मोजायचं, आजोबा?" तो म्हणाला, आणि त्याने दार लावलं.