तिसरं मशीन

मंगळवारी दुपारी भाऊ ऑफिसात खुर्चीवरून पडला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

आम्ही दोघं धुळ्यात एकाच कंपनीत होतो. कंपनी रावेरकडची केळी खरेदी करते. सर्व्हर-रूममध्ये तीन मशीनं. वजनाच्या पावत्या, गाड्या, पगार, प्रत्येकाचा वेगळा आभासी सर्व्हर, आणि ते सगळे पहिल्या दोन मशीनांच्या पोटात चालतात. तिसरं चालू, पण रिकामं. दोहोंतलं एक बंद पडलं की त्याचा भार तिसरं उचलतं. ही मांडणी भावाची.

दशक्रिया उरकून मी कामावर गेले, तर कंपनीचे शेठ मशीनांच्या वापराचा आलेख काढून बसलेले.

"ताई, ते तिसरं मशीन रिकामंच शे ना? नरडाणाले धाडी दे, तठे नवं गोदाम शे. ही सरासरी देख. दोन्ही मशीनं निम्मी बी भरत नहीत."

सरासरी! वादळाचा इशारा आला की रावेरात सगळे एकदम घड कापतात. ट्रॅक्टर वजनकाट्यावर रांग लावतात आणि पावत्यांचा मारा सुरू होतो. भाऊ क्षमता त्या दिवसावरून मोजायचा. त्याचा डबा, चष्मा, स्वेटर मी मुकाट घरी नेलं होतं. हे मशीन नेऊ देणार नव्हते.

"इशाऱ्याच्या दिवसापर्यंत थांबा," म्हटलं.

तो दिवस आला. मी शेठना सर्व्हर-रूममध्ये नेलं. पंखे घोंघावत होते. पडद्यावर दोन्ही मशीनं काठोकाठ भरलेली.

"तिसरं मी जोडणीतून काढलंय. नरडाण्याला गेलं समजा. आता पहिलं बंद करायचं बटण तुम्ही दाबा. सरासरी आहेच की सांभाळायला."

"येडी झाई का वं! रावेरले काटा चालू शे."

"दाबा ना, शेठ. नाहीतर त्या आलेखावर लिहून द्या, की माझ्या भावाने इतकी वर्षं एक मशीन उगीच अडवून ठेवलं."

त्यांनी हात मागे घेतला. मी तिसरं पुन्हा जोडलं.

"तुना भाऊ समजाडी सांगे," दारातून ते म्हणाले. "तू तं भ्याव दखाडस."

"तो असता तर मी गप्पच बसले असते."

नरडाण्यासाठी वेगळं मशीन मागवलं. भावाच्या जागी कोणी आलेलं नाही. त्याचं काम मी करते, आणि सर्व्हर-रूमची किल्ली माझ्याकडे असते.